माळ आणि ओढा यांच्यामधले तुटलेले बांध फुलपाखरांसाठी कसे जोडावेत?

प्रश्न (सिन्नर तालुका)

आमच्या शिवाराच्या एका टोकाला बोरी-तरवडाचा माळ आहे आणि दुसऱ्या टोकाला करंजांनी भरलेला ओढा. मधले बरेचसे बांध जेसीबीने सपाट झाले; जे उरले आहेत, त्यांच्यावर तणनाशक मारले जाते किंवा उन्हाळ्यात ते पेटवले जातात. मी बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावतो. माळाकडच्या डोंगळ्यांच्या फुलगोंड्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते, मधल्या वावरात मात्र ती फारच तुरळक दिसते. मधमाश्या आणि फुलपाखरे यांना माळापासून ओढ्यापर्यंत वाट मिळावी यासाठी बांधावर काय लावावे?

उत्तर १

लावण्याआधी उरलेले बांध राखावेत, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कांद्याच्या प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बी धरण्यासाठी एका फुलावरून दुसऱ्यावर जाणारे कीटक लागतातच. यांतल्या कित्येक लहान माश्या पोळे न करता एकेकट्या, न नांगरलेल्या कोरड्या मातीत बीळ करून राहतात आणि घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत. बांध गेला की त्यांचे घरच जाते. बांधावरचे वाळके लाकूडही राहू द्यावे. त्यात बोट जाईल एवढे गोल भोक आणि खाली ताजा भुसा दिसला, तर ते सुताराचे काम करणाऱ्या काळ्या भुंग्याचे घर समजावे. तुरीच्या फुलांवर हाच भुंगा येतो.

उत्तर २

फुलपाखरांसाठी फुलांइतकाच अळ्यांच्या खाद्याचा विचार करावा लागतो. बिबळ्या कडवा या फुलपाखराची मादी रुईच्या पानावर अंडी घालते, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या चिमुकल्या कॉमन पिएरोला बोर लागते आणि लिंबावरच्या फुलपाखरांना लिंबू किंवा कढीपत्ता चालतो. रुई, बोर आणि तरवड तुमच्या माळावर आपोआप उगवतातच. ती बांधावर उपटू नयेत एवढेच. घाणेरीवर फुलपाखरे गर्दी करतात म्हणून ती मुद्दाम लावण्याचा मोह होतो, परंतु ती बोरी-तरवडाची जागा बळकावते आणि फुलपाखरांच्या अळ्यांना मात्र तिचा काही उपयोग होत नाही.

रब्बी निघाली की शिवार ओस पडते. त्या दिवसांत कडुनिंब आणि करंज फुलतात, म्हणून ओढ्याकाठची ही झाडे तोडू देऊ नयेत.

उत्तर ३

अडचण झाडांची कमी आणि बांध कोरण्याची जास्त असते. सामाईक बांधावर काहीही करण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून हद्द दोघांच्या समक्ष पक्की करावी, नाहीतर चांगल्या कामातून भाऊबंदकी उभी राहते. पिकावर सावली पडते ही त्यांची तक्रार रास्त असते. म्हणून मध्ये तरवडासारखी झुडपे ठेवावीत आणि उंच झाडे ओढ्याकडेच असू द्यावीत.

प्रश्नकर्ता

शेजारचे काका बांध न पेटवण्यास तयार आहेत, पण गवत फार माजले तर काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर १

विळ्याने कापावे, मात्र एका वर्षी बांधाची एकच बाजू. दुसऱ्या बाजूच्या गवतात कोष आणि अंडी सुरक्षित राहतात. डोंगळे फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली तर माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी.