न जमलेल्या गाण्याची गोष्ट: ‘द डिसायपल’ पाहिल्यानंतर

(रानजाई यांचा लेख आणि त्यावर इतर वाचकांचे प्रतिसाद. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

रानजाई

गेल्या महिन्याभरात गायकांच्या आयुष्यावर बेतलेल्या तीन कलाकृती मी लागोपाठ पाहिल्या. ‘बंदिश बँडिट्स’ या हिंदी मालिकेची दोन्ही पर्वे, सुबोध भावे यांचा २०१५ सालचा ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा एकदा, आणि शेवटी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’, जो २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता आणि पटकथेचे पारितोषिक घेऊन आला. तिन्हींमध्ये गुरू आहे, शिष्य आहे, घराण्याचा अभिमान आहे. पहिल्या दोन पाहिल्यावर गाणे ऐकल्याचे समाधान मिळाले. तिसरा पाहिल्यावर मात्र दोन दिवस मला तानपुरा लावावासा वाटला नाही. तरीही गाणे शिकणाऱ्या माणसाविषयी या तिन्हींपैकी ‘द डिसायपल’नेच खरे सांगितले आहे, असे माझे मत झाले आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शरद नेरुळकर हा मुंबईतला चोवीस वर्षांचा मुलगा गुरुजींकडे ख्यालगायन शिकतो आहे. तो गुरुजींची सेवा करतो, त्यांच्या आजारपणात धावपळ करतो, पोटासाठी जुन्या ध्वनिफितींचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम करतो, आणि रात्री रिकाम्या उड्डाणपुलांवरून दुचाकी चालवत गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंची व्याख्याने ऐकतो. माईंनी आपले गाणे कधी ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही, त्यामुळे मागे उरला आहे तो फक्त त्यांचा उपदेश. शरद त्या उपदेशाप्रमाणे वागतो, लग्न लांबवतो, मोह टाळतो, रियाज करतो. आणि तरीही ते गाणे त्याच्या गळ्यात उतरत नाही.

आपल्याकडच्या सांगीतिक कथांमध्ये कष्ट आणि फळ यांची सांगड नेहमी घातलेली असते. ‘कट्यार’मधला सदाशिव लपूनछपून विद्या मिळवतो, पण ती त्याला मिळते. ‘बंदिश बँडिट्स’मधला राधे शिक्षा भोगतो, शुद्धीकरण करतो, आणि शेवटी स्पर्धेत असा गातो की विरोधकही मान डोलावतात. माझ्यासोबत गाण्याच्या वर्गाला बसणाऱ्या दहाबारा जणींपैकी मंचावर जाऊन पोहोचली ती एकच. बाकीच्या आम्ही कमी कष्ट केले होते असे मला कधीच वाटले नाही. आमच्याविषयी पडद्यावर कोणी बोलले नव्हते. मैफिलीत गाता गाता शरद थांबतो आणि उठून निघून जातो, ते दृश्य पाहताना मला वाटले की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे.

खर्जातला सा

रानजाई, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून माझा मतभेदही मनापासून मांडतो. मी अकरा वर्षे शिकतो आहे, मंचावर दोनदाच बसलो आहे आणि पुढेही फारसा बसेन असे वाटत नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने मी शरदच आहे. पण हा चित्रपट माझ्याविषयी बोलत नाही.

कारण त्यात आनंद नाही. न जमलेला गायकसुद्धा सकाळी पाच वाजता उठतो तो काही केवळ उपदेशाच्या धाकाने नव्हे. एखाद्या दिवशी भूप रागातला गंधार, म्हणजे ग हा स्वर, नेमका जिथे बसायला हवा तिथे बसतो, तंबोऱ्यात विरघळून जातो, आणि त्या चार सेकंदांवर पुढचे चार महिने निघतात. सुमारे दोन तासांच्या चित्रपटात शरदच्या वाट्याला असा एकही क्षण दिग्दर्शकाने येऊ दिलेला नाही. मग हा मुलगा इतकी वर्षे चिकटून का राहिला, याचे उत्तर गायक होऊ न शकलेल्या वडिलांची अपुरी इच्छा आणि माईंचा आवाज एवढ्यावरच येऊन थांबते. एखाद्या माणसाचे प्रेम वगळून त्याचा केवळ हट्ट दाखवला, तर त्याचे अपयश आपोआप अधिक गडद दिसते. ती मांडणी प्रभावी आहे हे मान्य, पण तिला सत्य म्हणायला माझी तयारी नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चित्रपटात गुरुजींची भूमिका अरुण द्रविड यांनी केली आहे. ते मोगूबाई कुर्डीकर आणि पुढे किशोरी आमोणकर यांचे शिष्य, जयपूर घराण्याचे जाणकार गायक, आणि व्यवसायाने केमिकल इंजिनिअर. म्हणजे नोकरी, संसार आणि गाणे ही तिन्ही एका आयुष्यात मावतात, याचा चालता-बोलता पुरावा कॅमेऱ्यासमोर बसलेला असताना चित्रपट मात्र शरदला ‘एक तर सर्वस्व, नाही तर शून्य’ अशाच पेचात उभा करतो. हा पेच माईंच्या ध्वनिफितींनी निर्माण केला आहे, मान्य. पण तो खोटा असू शकतो, हे सांगणारे एकही पात्र कथेत असू नये?

माजघर

मला ‘कट्यार’ची बाजू घ्यायची आहे, कारण रानजाईंच्या लेखात ती जरा हलक्या हाताने बाजूला सारली गेली आहे.

‘कट्यार’ हे मूळ पुरुषोत्तम दारव्हेकरांचे १९६७ सालचे संगीत नाटक. त्यात पंडित वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब या गायकाची भूमिका उभी केली, जितेंद्र अभिषेकीबुवांनी चाली दिल्या, आणि ती पदे घराघरांत गेली. चित्रपटात त्याच खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आवाज वापरला आहे, आणि सदाशिवसाठी गाणाऱ्या महेश काळे यांना त्यातल्या ‘अरुणी किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत नाटकाची स्वतःची रीत असते. तिथे सामना दरबारात होतो, सूड असतो, शेवटी विद्येचा विजय होतो, आणि प्रेक्षक त्या रीतीवर भरवसा ठेवून बसलेला असतो. तिला वास्तववादाच्या फूटपट्टीने मोजणे म्हणजे लावणीला अभंगाचे नियम लावण्यासारखे आहे.

आमच्या सांगलीच्या घरात तो चित्रपट पाहून दोन मुली गाण्याच्या वर्गाला गेल्या. ‘द डिसायपल’ पाहून कोणी जाईल असे मला वाटत नाही. उलट एखाद्या आईने तो पाहिला तर ती मुलाचे नाव वर्गातून काढून घेईल. चित्रपटाने प्रचार करावा असे माझे म्हणणे नाही, परंतु ज्या कलेला श्रोते मिळवण्यासाठी आजही झगडावे लागते तिच्याविषयी बोलताना काही उत्तरदायित्व असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि अपयशाचीच कथा हवी असेल, तर राहुल देशपांडे यांनीच साकारलेला ‘मी वसंतराव’ आहे. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत, गाणे उराशी धरून बसलेला माणूस त्यात भेटतो. तिथे उपेक्षाही आहे आणि आनंदही. खर्जातला सा म्हणतात तो गंधार तिथे ऐकू येतो.

पाणंद

माजघरताई, ‘मी वसंतराव’ मलाही आवडला, पण तो या चर्चेत उदाहरण म्हणून चालणार नाही. वसंतरावांना उशिरा का होईना, पण मान्यता मिळाली. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या उपेक्षेची गोष्ट ही शेवटी यशाचीच गोष्ट असते, कारण प्रेक्षक शेवट जाणूनच खुर्चीत बसलेला असतो. ताम्हाणे यांनी जे केले ते वेगळे आहे. ज्याचे नाव कधीच कोणाला ठाऊक होणार नाही, अशा माणसाला त्यांनी नायक केले.

खर्जातला सा यांच्या पहिल्या आक्षेपाला मी थोडे उत्तर देऊ इच्छितो. आनंद चित्रपटात आहे, फक्त तो शरदच्या गाण्यात नाही, ऐकण्यात आहे. सुरुवातीच्या मैफिलीत गुरुजी गात असतात आणि मागे तानपुरा धरून बसलेल्या शरदच्या चेहऱ्याकडे कॅमेरा अगदी सावकाश सरकत जातो. तो चेहरा पुन्हा एकदा पाहावा. कॅमेरा बहुतेक वेळा दूर, स्थिर उभा असतो, आणि या चित्रपटात गाणारी माणसे खरोखर गाणारी आहेत, त्यामुळे श्वास कुठे घेतला आणि कुठे तुटला हे आपल्याला दिसते. ‘बंदिश बँडिट्स’मध्ये नसीरुद्दीन शाह यांच्यासारखा थोर नट असूनही आपण ओठांच्या हालचाली पाहत राहतो, आणि दर दोन सेकंदांनी दृश्य बदलल्यामुळे आलाप ऐकायला सवडच मिळत नाही. संथपणाबद्दल अनेकांची तक्रार असते. विलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतल्या एकतालाचे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालू शकते. त्या गाण्यावरचा चित्रपट घाईने कापायचा कसा?

ओसरी

चर्चा गुरू-शिष्यांवर आणि गतीवर चालली आहे, पण मला खटकलेले दृश्य वेगळेच आहे आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा संग्राहक असलेला एक समीक्षक शरदला भेटतो आणि एकेका थोर गायकाविषयी, शेवटी माईंविषयीही, कटू गोष्टी सांगत सुटतो. शरद चिडून त्याच्या अंगावर पाणी फेकतो. जवळजवळ प्रत्येक परीक्षणात या दृश्याची वाखाणणी झाली, कारण त्यात शरदची श्रद्धा तडकते.

माझा प्रश्न असा आहे की ती श्रद्धा तडकवण्याचे साधन म्हणून स्वतः हजर नसलेली, गाणे मागे न ठेवलेली, उत्तर देऊ न शकणारी एक स्त्रीच का निवडली? जयपूर घराण्याचा इतिहास ज्या बायकांनी पेलला, त्यांच्यापैकी मोगूबाई आणि केसरबाई केरकर या दोघी गोव्याच्या, गाणे हाच परंपरागत व्यवसाय असलेल्या कलावंत समाजातून आलेल्या. त्यांच्या स्वभावाच्या, तऱ्हेवाईकपणाच्या, मानधनाच्या हट्टाच्या कथा आजही मैफिलीनंतरच्या चहावर चवीने सांगितल्या जातात. हीच करारी वृत्ती पुरुष गायकाकडे असली की तिला बाणेदारपणा म्हणतात. मोगूबाईंना शिक्षणासाठी किती दारे ठोठवावी लागली आणि मुलांना एकटीने वाढवत त्यांनी काय सोसले, हे ज्याला माहीत आहे त्याला तो समीक्षक काही नवे सांगत नाही. जुनीच कुजबुज तो पुन्हा ऐकवतो. चित्रपट त्याला भरपूर वेळ देतो आणि माईंना मात्र उत्तराची संधी देत नाही.

माईंचा आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. तो इतका शांत आणि इतका अधिकारवाणीचा आहे की मला त्या बाईंविषयी अजून पुष्कळ जाणून घ्यायचे होते. त्या कोण होत्या, त्यांनी ध्वनिमुद्रण का नाकारले, त्यांना स्वतःला कधी अपयश आले का? हे प्रश्न दिग्दर्शकाला पडलेले दिसत नाहीत.

खर्जातला सा

ओसरी, आपला मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो मी स्वीकारतो. त्याला जोडूनच आणखी एका स्त्रीविषयी. दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरलेली एक साधी मुलगी चित्रपटात तुकड्यातुकड्यांनी दिसते. फेरीगणिक तिचे कपडे बदलतात, गाणे बदलते, आणि शेवटी ती झगमगाटात हरवते. शरदची निष्ठा उजळून दिसावी म्हणून तिला उभे केले आहे. पण आपला अनुभव असाच आहे का? ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चे २००९ साली संपलेले पर्व आठवून पाहावे. कार्तिकी गायकवाड जिंकली, आणि तिच्याबरोबरचे प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर हे आज मोठे होऊन गात आहेत, नाट्यपदे आणि रागसंगीतही. स्पर्धेने त्यांचे गाणे संपवले नाही. ताम्हाणे यांच्या चित्रपटात मात्र बाहेरचे जग केवळ भ्रष्ट करणारे आहे, आणि ही सोय पटकथेची आहे.

रानजाई

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. ओसरीताईंच्या आक्षेपापुढे माझ्याकडे बचाव नाही. एवढेच म्हणेन की ते दृश्य पाहताना मी शरदच्या बाजूने चिडले होते, माईंच्या बाजूने नव्हे, आणि हे माझ्याही लक्षात आता येते आहे.

अरुण द्रविड यांच्याविषयी मात्र मला वेगळे वाटते. त्यांनी दोन्ही साधले ही आदराची गोष्ट आहे, परंतु त्यांना मिळालेली तालीम, अवसर आणि बुद्धी शरदजवळ नाही. ‘दोन्ही मावते’ हे ज्यांना मावले त्यांच्या तोंडून ऐकताना बाकीच्यांच्या वाट्याला पुन्हा एकदा स्वतःचाच दोष येतो. माजघरताईंची उत्तरदायित्वाची कल्पना मला याच कारणाने पटत नाही. मुलींना वर्गात पाठवणारा चित्रपट चांगलाच, पण पंधरा वर्षांनी त्यांच्यापैकी ज्या रिकाम्या हातांनी परततील त्यांच्याजवळ बसणाराही एखादा असू द्यावा.

जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांनी स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. त्यांच्या शिष्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. एका घराण्यातल्या एका आवाजाचे काहीच उरत नाही आणि दुसरा सूर्यमालेच्या पलीकडे जातो. मधल्या शेकडो शिष्यांचे काय झाले, हा प्रश्न आपण विचारतच नाही. ‘द डिसायपल’ मला तेवढ्यासाठी हवा आहे.

खर्जातला सा

मधल्या शेकडो शिष्यांविषयी आपण जे लिहिले, ते वाचून काल रात्री शेवट पुन्हा पाहिला. शरद आता जाडसर झाला आहे, बायको आणि लहान मुलगी शेजारी आहेत, लोकलच्या डब्यातून एक माणूस लोकगीत गात जातो. माझ्या मताला त्याने धक्का लागलेला नाही, शरदला एक तरी गंधार मिळायला हवा होता. पण पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी शरदच्या चेहऱ्यावर पराभव शोधत होतो. या वेळी त्या डब्यातल्या माणसाचे गाणे ऐकले. त्याचा सूर पक्का आहे, आणि शरदला ते कळते आहे, कारण इतक्या वर्षांत त्याचे कान तयार झालेले आहेत. पाणंद म्हणतात तो ऐकण्यातला आनंद इथे आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. ज्यांना तिथे काही दिसले असेल त्यांनी लिहावे.