पंचेचाळिशीनंतर नुसतं चालून भागतं का?

येऊरपायथा :
ठाण्यात उपवन तळ्यावर रोज सकाळी तीच मंडळी. काठाने दोन फेऱ्या, मग चहा आणि राजकारण. चालतात ते उत्तमच, पण एवढ्यावर समाधान मानणं ही स्वतःची फसवणूक आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि नुसत्या चालण्याने ते फारसे टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, सोबत किमान २ दिवस ताकदीचा व्यायामही. हे पुढचं कुणी वाचतच नाही.

कळवेकर :
साहेब, कळव्याहून उभ्याने सीएसएमटी गाठणाऱ्याला ही मिनिटं सांगा! माणूस चालतोय ना, चालू द्या. वजनं उचला म्हणालात तर तो चालणंही सोडेल. आमच्या सोसायटीत जानेवारीत जिमची वर्षाची फी भरलेले संक्रांतीचे लाडू संपायच्या आत घरी बसतात.

येऊरपायथा :
जिमचं नाव मी काढलंच नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर. टीव्हीसमोर होतं हे.

कचराळीवाली :
ताकदीचं पटलं. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा आम्हाला तर ते हवंच. पण त्या चहावाल्यांना हिणवू नका हो. पावसाळ्यात मला अंथरुणातून बाहेर काढतं ते आरोग्य नव्हे, मैत्रिणी. एक दिवस दांडी मारली की फोन, "काय गं, जिवंत आहेस ना?" भिंतीला जोर काढताना असा फोन कोण करणार?

धावरे :
त्यापेक्षा वर्षा मॅरेथॉनला नाव नोंदवा. तारीख डोक्यावर असली की आपोआप उठतो माणूस.

कचराळीवाली :
आणि मॅरेथॉन झाल्यावर? आमच्याकडची मेडलं शोकेसमध्ये आहेत, बूट माळ्यावर.

कळवेकर :
माझं घड्याळ दहा हजार पावलं मागतं, तेवढी भरतात. बस झालं की.

येऊरपायथा :
तो आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातला. शास्त्राने नंतर तपासलं. पावलं भरा हो, पण जिना चढताना कठडा धरावा लागतो का, तेही बघा.

कळवेकर :
कळवा स्टेशनच्या गर्दीत कठडा हाताला लागला तर धरीन! उठबस करून बघतो. पण ते 'फसवणूक' काही पटलं नाही, सांगून ठेवतो.