भूल द्यायच्या आधी घशाचा धोका सांगायला पाहिजे का नको?

लातूरकर: आईचं पित्ताशयाच्या खड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, ऑपरेशन एकदम चांगलं झालं, पण दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा आवाज मला ओळखूच आला न्हाई. घसा बसलाय, गुळण्या करा म्हणले. दोन महिने गुळण्याच केल्या. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर स्वरयंत्रातलं बारकं कूर्चेचं हाड सरकलेलं, भूल देताना श्वासाची नळी घशातून टाकताना. लवकर आले असते तर जागेवर बसवणं सोपं होतं म्हणले. आई अंगणवाडीत हाय, लेकरांना हाक मारता येईना तिला. सही घेतली तो फॉर्म इंग्रजीत, घशाचं कुणी एक अक्षर बोललं न्हाई. माझं मत, सांगायलाच पाहिजे, अन् मराठीत.

भूलवाला, नांदेड: वाईट वाटलं वाचून. पण इजा झाली म्हणजे हलगर्जीच झाली असं न्हाई. नळी स्वरतंतूंच्या मधूनच जाते, दुसरी वाट न्हाई, अन् नळी नसली तर पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. घसा दुखणं तर कितीतरी जणांना होतं, दोन-तीन दिवसात जातं. हाड सरकणं लई क्वचित. आधीच घाबरलेल्या बाईला आवाज जाईल म्हणलं तर ती उठून घरी जाती, अन् खडा पित्ताच्या नळीत अडकून कावीळ घेऊन परत येती, हे मी बघितलंय. अन् पेशंट तरी कुठं सगळं सांगतेत? गुटखा खाऊन तोंड दोन बोटं उघडंना, नळी टाकायची कशी, विचारलं तर कधीतरी खातो म्हणतेत. 2012 पासून बंदी हाय राज्यात, तरी रोज असे पेशंट येतेत.

ओटी सिस्टर, परभणी: सर, गुटख्याचं खरंय, पण आपलं पण बोला की. नळी श्वासनळीत घट्ट बसावी म्हणून तिच्या टोकाजवळ फुगा असतो, तो 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याच्या दाबात ठेवायचा असतो, त्याच्यावर गेला की श्वासनळीच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावून मोजताना मी कमीच बघितलं, त्याला जोडलेला बाहेरचा बारका फुगा बोटानं दाबून अंदाज घेतेत.

भूलवाला, नांदेड: हे मान्य. मोजायलाच पाहिजे.

लातूरकर: सर, आवाज जाईल असं सांगा म्हणतच न्हाई मी. सुट्टी देताना एवढंच म्हणा, आठवड्यात आवाज आला न्हाई तर घसा दाखवायला या. ह्यानं कोण घाबरून पळून जाईल? आमचे दोन महिने वाचले असते.

भूलवाला, नांदेड: सुट्टीच्या कार्डावर लिहिता येईल हे. ऑपरेशनच्या आधी मात्र पेशंट बघूनच किती सांगायचं ते ठरवीन, त्यावर मी ठाम हाय.