संक्रांतीचा पाठ २२ डिसेंबरलाच सुरू करावा

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी संक्रांतीच्या पाठाची सुरुवात 'आजपासून दिवस मोठा होतो' या वाक्याने करावी, असे काही जण सुचवतात. मला मात्र हा पाठ २२ डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या जयंतीला, गणित दिनाच्या निमित्ताने सुरू करावासा वाटतो, कारण दिवस खरोखर मोठा होऊ लागतो तो त्याच सुमारास.

आम्ही पुण्यात गच्चीवर वाळूच्या कुंडीत ३० सेंटीमीटरची काठी उभी रोवतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खडूने खूण करतो. ही सावली २२ डिसेंबरला सुमारे २७ सेंटीमीटर भरते आणि १४ जानेवारीला २५ पर्यंत येते. ते दोन सेंटीमीटर स्वतः मोजल्यावर मुलीने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटला: "मग संक्रांत उशिरा का?"

उत्तराला इतिहासाची साक्ष आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, संक्रांतीच्याच दिवशी झाला. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे गिरकी घेत असल्यामुळे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश, म्हणजेच संक्रांत, सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. १८६३ पासूनचा हिशेब मुलांनाच करू द्यावा. तिळगूळ अर्थातच हिशेबानंतर.