मदत हवी आहे : पातळ कवचाची अंडी, खुराड्याचा वास आणि दुधीचा सुकाळ (नवी मुंबई)

मांडवाखाली

ऐरोलीत रो-हाऊस आहे. मागचं अंगण साधारण 12 बाय 18 फूट. निम्म्यात भेंडी, वांगी, मिरची आणि मांडवावर दुधी-दोडका. उरलेल्या जागेत 6 बाय 4 फुटांचं खुराडं आणि जाळीचा मोकळा भाग. कावेरी जातीच्या 5 कोंबड्या, वय साधारण सव्वा वर्ष. कोंबडा नाही.

पाऊस लागल्यापासून रोजची 3-4 अंडी 1-2 वर आली आहेत. त्यातही एखादं इतक्या पातळ कवचाचं की उचलताना फुटतं, कधी तर नुसत्या पापुद्र्यातलं. शीट पातळ आहे, पण रक्त नाही. कोंबड्या तरतरीत आहेत. वास मात्र वाढलाय, शेजारी बोलून गेले.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ताजी शीट मिरची-वांग्याला चालते का? आणि दुधी-भेंडी घरात संपत नाही एवढी निघते, ती कोंबड्यांना किती द्यावी?

तुरेवाला

पावसाळ्यात अंडी कमी व्हायचीच, ढगांमुळे उजेड मिळत नाही. बल्ब लावा. वासाला चुन्याची फक्की मारा, लगेच बसेल.

परसदार

बल्ब नंतर. आधी हे सांगा : पाचजणींना मिळून लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) किती ग्रॅम? त्याशिवाय दिवसभरात काय काय? खुराड्यात खाली काय अंथरलंय?

मांडवाखाली

मॅश सकाळी 300 ग्रॅम. दुपारी उरलेला भात, दोन वाट्या. दुधीचे तुकडे, सालं, जून भेंडी, माठाची देठं असं मिळून किलोभर. खाली सुताराकडचा प्लायवुडचा भुसा, पातळ थर.

परसदार

मग कारण समोरच आहे. हा आजार नाही, ही उपासमार आहे, आणि तीही भरल्या पोटाची.

हिशोब बघा. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम लेअर खाद्य लागतं. त्यात कॅल्शियम साधारण 3.5 ते 4 टक्के, म्हणजे पोटात जातं 4 ग्रॅमच्या आसपास. त्यातलं निम्मंच अंगी लागतं, आणि एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम लागतं. तुमच्या कोंबडीच्या वाट्याला मॅश येतं 60 ग्रॅम. कॅल्शियम 2 ग्रॅम, अंगी लागलं 1. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तो साठा आटला की आधी कवच पातळ होतं, मग अंडंच थांबतं. प्रथिनांचंही तेच. मॅशमध्ये 16 ते 18 टक्के असतात, शिजलेल्या भातात तीनाच्याही आत. आणि दुधी म्हणजे शेकडा 95 भाग पाणी. गळ्याची पिशवी त्यानेच भरली की कोंबडी मॅशकडे वळत नाही. शीट पातळ होते तीही त्याच पाण्यामुळे, आणि ओल्या शीटेमुळे वास. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच.

आता काय करायचं :

मॅश 550 ते 600 ग्रॅम करा, दोन वेळांत विभागून, आणि भांडं छपराखाली. ओलं झालेलं मॅश त्याच दिवशी टाकून द्या. आपल्याकडच्या दमट हवेत त्याला रात्रीत बुरशी येते, आणि बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. पोतंही जमिनीवर नको, फळीवर ठेवा, आणि महिनाभरात संपेल एवढंच आणा.

भाजीपाला दुपारनंतरच, सगळ्यांत मिळून दीडशे ग्रॅमच्या आत. भात मूठभर, किंवा नकोच. शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं उत्तम. पालक आणि माठ थोडाच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अळू, टोमॅटोचा पाला, हिरवट बटाट्याची सालं आणि कच्चा राजमा अजिबात नाही.

कवचासाठी तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपलं वापरा, घरच्या कालवणातून उरतातच. मीठ-मसाला धुवून दहा मिनिटं उकळा, तव्यावर खडखडीत वाळवा आणि ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करा. पीठ नको. कवच मुख्यतः रात्री तयार होतं. जाड तुकडे पोटातल्या पेटीत (दाणे दळणाऱ्या पिशवीत) रात्रभर हळूहळू विरघळतात, पीठ संध्याकाळीच पुढे निघून जातं. वेगळ्या वाटीत दुपारी चारनंतर ठेवा, मॅशमध्ये कालवू नका. जिला गरज असेल ती तेवढं उचलते.

फरक आठ-दहा दिवसांत दिसायला हवा. नाही दिसला, किंवा कवचावर सुरकुत्या आणि पांढरा बलक पाण्यासारखा पातळ असेल, तर श्वसनाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. हिरवी शीट, मान वाकडी होणं, तोंड उघडून श्वास घेणं ही राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाचीही लक्षणं आहेत. मग घरगुती उपाय नकोत, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. सव्वा वर्षाच्या कोंबडीची पीसगळही येऊ घातलेली असते. पिसं झडायला लागली तर दीड-दोन महिने अंडी बंद राहतील, तो तिचा हक्क आहे.

आणि तुरेवाला, जुलैत आपल्याकडे दिवस 13 तासांच्या आसपास असतो. उजेड खरा कमी पडतो डिसेंबरात. खुराड्यात अगदीच अंधार असेल तर पहाटे तासभर साधा 5 वॉटचा एलईडी पुरे, पण वेळ रोज तीच हवी.

तूस_आणि_माती

वासाचं आणि खताचं मी सांगतो.

ओल्या गादीवर, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशावर, चुना मारू नका. शीटेतला नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो म्हणून वास येतो, आणि चुन्याने अल्कता वाढली की तो जास्तच उडतो. नाक चुरचुरतं ते त्यामुळे. चुना लावायचा तो गादी पूर्ण काढून, फरशी घासून, कोरडी झाल्यावर. मग नवी गादी.

प्लायवुडचा भुसा बाद करा. त्यात डिंकाची रसायनं असतात, आणि बारीक धूळ कोंबड्यांच्या श्वासात जाते. पनवेल-कर्जत बाजूच्या भातगिरण्यांवर तूस मिळतं, ते 4 ते 6 इंच पसरा. एक दिवसाआड पंज्याने खालीवर करा. परीक्षा सोपी : मूठभर तूस दाबा, हात उघडल्यावर गोळा सुटला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, वरचा थर काढून नवं टाका. रात्रीची शीट सगळ्यात जास्त पडते ती बसायच्या दांडीखाली. तिथे पत्र्याचा ट्रे ठेवून रोज सकाळी खरवडला की निम्मा वास तिथेच संपतो.

आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो. त्या बाजूला ताडपत्री लावा, पण वर फूटभर जाळी उघडी ठेवा. चहूबाजूंनी बंद केलेलं खुराडं पावसाळ्यात वास आणि सर्दी दोन्ही देतं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड हवी. षटकोनी कोंबडीजाळी घुशी कुरतडतात, आणि त्या जमिनीखालून येतात म्हणून जाळी फूटभर खोल पुरा.

ताजी शीट झाडाला नको. ती मुळं जाळते, पानांच्या कडा करपतात. पाच कोंबड्यांची महिन्याला 15 ते 18 किलो निघते. तेवढ्याने मोठा ढीग तापत नाही, म्हणून भोकं पाडलेला 200 लिटरचा ड्रम घ्या. एक घमेलं शीट-तूस, दोन ते तीन घमेली सुका पाला, असे थर. पाला फेब्रुवारी-मार्चात रस्त्याकडेच्या झाडांखाली पोत्यांनी मिळतो, तेव्हाच साठवा. पावसात शोधाल तर चिखल मिळेल. ओल पिळलेल्या फडक्याइतकी, पंधरा दिवसांनी ढवळायचं, वर झाकण. तीन-चार महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं झालं की वापरा. मिरची-वांग्याला बुंध्यापासून वीतभर लांब, दोन मुठी, महिन्यातून एकदा. कोथिंबीर, मुळा, माठ यांच्या वाफ्यात अर्धवट कुजलेलं कधीच नको. पानं मातीला टेकतात आणि पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू थेट ताटात येतो.

वेलमांडव

दुधीच्या सुकाळाबद्दल : थोडा लवकर तोडा. नख सहज रुतेल तेव्हाच, मग वेलही नवी फळं धरत राहतो. भेंडी एक दिवसाआड, टोक बोटाने कटकन मोडतंय तोवर. झाडावर एक जून राहिली तरी पुढच्या कळ्या मंदावतात.

डागाळलेले, वाकडे दुधी-दोडके बहुतेक फळमाशीचे असतात. ते खाली कुजू देऊ नका, आतल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात. फळं चिरून कोंबड्यांपुढे टाका. अळ्या आधी वेचतात, गर तसाच सोडतात. वरचा दीडशे ग्रॅमचा नियम इथे सैल केला तरी चालेल. हंगाम संपून वेल काढला की दोन दिवस कोंबड्या त्या वाफ्यात सोडा, उकरून कोषही खातील. कोवळी रोपं असलेल्या वाफ्यात मात्र दहा मिनिटंसुद्धा नको. आणि कीटकनाशक मारत असाल तर त्या वाफ्यातलं काहीच त्यांना घालू नका.

मांडवाखाली

सगळ्यांचे आभार. आजच मॅश वजन करून ठेवलं. पातळ कवचाची अंडी खावीत का? अंडी धुवून ठेवायची की तशीच?

परसदार

तडा नसेल तर पूर्ण शिजवून खा, हाफ फ्राय नको. नुसत्या पापुद्र्यातलं टाकून द्या. ते खुराड्यात फुटू देऊ नका, एकदा चव लागली की कोंबड्या अंडी फोडायला शिकतात. दिवसातून दोनदा गोळा करा. स्वच्छ अंडी धुवू नका, वरचं नैसर्गिक आवरण जातं. घाण सुकल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि वापरायच्या आधीच धुवा.

पाण्याचं भांडं छपराखाली आहे ना? उघड्यावर असेल तर कावळे, बगळे त्यातच पितात. बर्ड फ्लू लांबची गोष्ट नाही, फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत सापडला होता. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर हात लावू नका, पुरूही नका, आधी पशुसंवर्धन विभागाला कळवा.