पट्टीचे बूट फक्त रात्री घातले तर चालतील का?

केजची आई:
लेकरू साडेतीन महिन्यांचं आहे. जन्मतःच दोन्ही पाय आत वळलेले, डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. बाराव्या दिवसापासून दर आठवड्याला प्लास्टर, अशी सहा झाली. मग टाचेमागची शीर कापून तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. आता महिना झाला, मधे पट्टी असलेले बूट आहेत, 23 तास घालायला सांगितलेत. पाय एकदम सरळ दिसतात. सासूबाई म्हणतात, मग लेकराला बेड्या कशाला? रात्री रडून सगळी वस्ती उठवतंय. दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला कारखान्यावर निघणार. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हे कसं जमायचं?

गावाकडचा:
ताई, ग्रहणाचा दोष असतो तो. आमच्या भावकीत एकाचे पाय नुसत्या मालिशनं सरळ झाले.

परळीवाली:
दादा, ग्रहणात मी विळीला हात लावला नव्हता, पाणीसुद्धा प्याले नव्हते. तरी पोराचा उजवा पाय वाकडा आला. पोटात दुमडून राहिल्यानं वाकलेला पाय हातानं सहज सरळ होतो, नाव मात्र मालिशचं होतं. हा तसला नाही.

ताई, बूट सोडू नका. मी सोडले होते. पोरगं सात महिन्यांचं, मी फडात मोळ्या वाहणारी, बूट बाचक्यात. संक्रांतीला बघते तर टाच परत वर उचललेली, बूट पायात शिरंना. अर्ध्यातून माघारी यावं लागलं. आगाऊ घेतलेली उचल अंगावर, मुकादमाची बोलणी वेगळीच, अन् पुन्हा चार प्लास्टर.

रडण्याचं म्हणाल तर मी आधी रडलं की बूट काढायची. त्यालाही कळलं, रडलं की सुटका. मग एका सिस्टरनं दाखवलं: पट्टी मधोमध धरायची आणि दोन्ही गुडघे एकदम दुमडायचे, एकदम सरळ करायचे. एकेक पाय झाडता येत नाही म्हणून लेकरू चिडतं. दोन्ही मिळून हलवायचं कळल्यावर आमचं पोरगं पट्टीनं पत्रा बडवायला लागलं! पट्टीला चिंधी गुंडाळा, नाहीतर पाजताना बरगडीत बसते. आधी टाच खाली टेकवून मधला पट्टा आवळायचा, मग बाकीचे. पट्टा ज्या भोकात बसतो तिथं पेनानं खूण करा, म्हणजे घरात कुणीही घातले तरी तेवढेच घट्ट बसतात.

फिजिओ, लातूर:
कापतात ती शीर नाही, कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. बाकी परळीच्या ताईंचं बरोबर. 23 तास पहिले तीन महिने, म्हणजे तुमचे अजून दोन. पुढं रात्र आणि दुपारची झोप मिळून 12 ते 14 तास, वय चार-पाच वर्षं होईपर्यंत. म्हणजे फडात दिवसा पाय मोकळे राहतील, पण कोपीत झोपताना बूट हवेतच. आत सुती मोजे घाला. बूट काढल्यावर लाली थोड्या वेळात गेली तर काळजी नको. टाचेवर फोड आला तर पाय आत घसरतोय, पट्टा सैल आहे. लालीवर तेल लावू नका, कातडी मऊ पडते. निघायच्या आधी एकदा दाखवा, बूट लहान होत आले असतील तर पुढचं माप घेऊनच जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे, जिल्हा रुग्णालयात विचारा.

केजची आई:
मी मधला पट्टा शेवटी लावत होते. आज टाच नीट बसली. रडला, पण कमी. पट्टीला चिंधी सासूबाईंनीच गुंडाळली, स्वतःचं जुनं लुगडं फाडून.