बँकॉक : गल्लीतल्या गाडीवर रोजचे जेवण कसे जमवावे?

नवा_मुक्कामी :
नमस्कार. कामानिमित्त काही महिन्यांसाठी मी सहकुटुंब बँकॉकला आलो आहे. आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एक मावशी गॅसच्या शेगडीवर कढई ठेवून जेवण बनवतात. शेजारी चार-पाच घडीची टेबले आणि प्लास्टिकची स्टुले असतात, आणि दुपारी कार्यालयांतले लोक व मोटारसायकल टॅक्सीवाले तिथेच जेवतात. मॉलमधल्या फूडकोर्टपेक्षा हेच जेवण आपलेसे व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र मी चिकन आणि मासे खातो, डुकराचे मांस व गोमांस खात नाही. पत्नी पूर्ण शाकाहारी आहे. आणि मुलीला तिखट सोसत नाही. फलक केवळ थाई लिपीत आहे. अशा ठिकाणी काय मागावे, कसे मागावे, आणि पाणी-बर्फाच्या बाबतीत कितपत निर्धास्त राहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना_रहिवासी :
तुम्ही वर्णन केलेली गाडी 'आहान ताम सँग' प्रकारची दिसते. अशा ठिकाणी आधी शिजवून ठेवलेले फारसे काही नसते. गिऱ्हाईक सांगेल ते, सांगेल तसे, एकेक ताट करून दिले जाते. म्हणून फलक वाचता येत नसल्याची चिंता करू नका. गाडीवरच्या काचेच्या कपाटात चिकन, डुकराचा खिमा, माकूळ, कोबी, कोवळे मके आणि नळीची भाजी मांडलेली असते. त्यातले हवे ते बोटाने दाखवावे, त्याचे काय करायचे तेवढे सांगावे.

सुरुवात 'पाड क्रापाव गाइ' या पदार्थाने करा, असा माझा आग्रह आहे. मावशींच्या हातांकडे लक्ष द्या : लसूण आणि मिरची खलबत्त्यात जेमतेम ठेचली जाते, तापलेल्या तेलात पडताच तिचा ठसका रस्त्यापर्यंत येतो, मग चिकनचा खिमा, फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि चिमूटभर साखर पडते, आणि अगदी शेवटी, आच बंद करता करता, मूठभर पाने. ही क्रापावची पाने म्हणजे आपल्या तुळशीचीच जात. आपल्याकडे जी वृंदावनात पुजली जाते ती इथे खिम्यात पडते, हे पहिल्यांदा पाहताना अनेक मराठी माणसांना चमत्कारिक वाटते. पण लवंगेकडे झुकणारा तो वास त्या पदार्थाचा प्राण आहे. पाने कमी घाला, असे कधीही सांगू नका. सोबत 'खाइ दाव', म्हणजे भरपूर तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत तळलेले अंडे, जरूर मागा. अशा ताटाला साधारण ५० ते ७० बाट पडतात.

डुकराच्या मांसाविषयी स्पष्ट सांगतो. थाई भाषेत त्याला 'मू' म्हणतात आणि 'माइ किन मू' म्हटले की तुमच्या ताटात ते येणार नाही. परंतु कढई आणि झारा तोच असतो. तेवढेही चालत नसेल, तर हिरव्या हलाल चिन्हाच्या मुस्लिम गाड्या शोधा. तिथे डुकराचे मांस नसतेच. मात्र गोमांस असू शकते, तेव्हा 'माइ किन नुआ' हेही सांगावे.

बर्फाची भीती बाळगू नका. मधोमध भोक असलेले नळीसारखे तुकडे कारखान्यातून येतात आणि पेयांसाठीच असतात. पाणी बंद बाटलीचे घ्यावे. आणि बारा ते एक ही वेळ टाळा. त्या तासात मावशींना मान वर करायलाही उसंत नसते, मग तुमच्या अटी ऐकून घेणार कधी?

शाकाहारी_गृहिणी :
जुना_रहिवासी यांनी उत्तम लिहिले आहे. पण शाकाहाराचा मुद्दा त्यांनी सोडून दिला आणि खरी अडचण तिथेच आहे. 'माइ साइ नाम प्ला', म्हणजे फिश सॉस घालू नका, असे सांगितले की फक्त एक बाटली बाजूला राहते. ऑयस्टर सॉस उरतोच, अनेकदा मांसाचा अर्क असलेली मसाला पूडही पडते, आणि लाल किंवा हिरव्या करीच्या वाटणात 'कापी', म्हणजे कोळंबीचे आंबवलेले वाटण, आधीच मिसळलेले असते. ते काढून टाकणे कोणाच्याही हातात नसते. पत्नीचा शाकाहार काटेकोर असेल, तर त्या गाडीवर त्यांच्यासाठी तडजोडी करत बसू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याऐवजी 'जे' जेवण देणारे दुकान शोधावे. पिवळ्या पताकेवर लाल रंगात, आपल्याला इंग्रजी १७ च्या आकड्यासारखी दिसणारी अक्षरे असतील, तर ते ठिकाण तुमचे. चिनी परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध, इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला तो पटकन रुचतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस या व्रताचे असतात. तेव्हा यावारात या चायनाटाउनमधला रस्ता अशा पताकांनी पिवळा होतो आणि एरवी मांसाहारी असलेल्या कित्येक गाड्याही 'जे' होतात.

अशा 'जे' दुकानातून भात-भाजी पिशवीत बांधून आणावी आणि मावशींच्या टेबलावर तुमच्यासोबत बसून खावी. तुम्ही आणि मुलगी तिथून जेवण घेत असाल, तर याला सहसा कोणी हरकत घेत नाही. फक्त आधी खुणेने विचारून घ्यावे.

नवा_मुक्कामी :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्नीचा प्रश्न सुटला. मुलीचे काय करावे? आणि टेबलावरच्या त्या चार डब्या कशाच्या?

तिसरी_पिढी :
मुलीसाठी 'माइ फेत', तिखट नको, एवढे पुरते. तरीही कढईला आधीच्या पदार्थाचे तिखट लागलेले असू शकते, म्हणून पहिले काही दिवस 'खाव पाड गाइ', म्हणजे चिकन घातलेला परतलेला भात, किंवा भातावर घातलेले 'खाइ जियाव' हे फुगलेले ऑम्लेट मागवावे. जवळपास 'खाव मान गाइ'ची गाडी असेल तर फारच छान : चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात, वर उकडलेल्या चिकनचे काप, आणि तिखट चटणी वेगळ्या वाटीत. माझी भाची तेवढ्यावरच इथल्या जेवणाला रुळली.

डब्यांत मिरचीची भरड, साखर, मिरची घातलेला फिश सॉस आणि मिरची घातलेला व्हिनेगर असतो. त्या प्रामुख्याने नूडल्सच्या वाडग्यासाठी आहेत. आधी चव घ्यावी, मग थोडे थोडे घालावे. त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही. भात उजव्या हातातल्या चमच्याने खातात, डाव्या हातातला काटा फक्त चमच्यावर घास लोटण्यासाठी. चॉपस्टिक नूडल्सच्या वाडग्यापुरत्याच.

हाक मारताना वयाने मोठ्या बाईंना 'पा' म्हणावे, थोड्याच मोठ्या असतील तर 'पी'. पैसे जेवण झाल्यावर द्यायचे, आणि सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात, कारण क्यूआरने पैसे देण्यासाठी बऱ्याचदा थाई बँकेचे खाते लागते. अनेक गाड्या सोमवारी बंद असतात. तुमच्या मावशींची सुट्टी कधी ते रविवारीच विचारून ठेवा.